दोन्ही बाजूंनी प्रश्न यायला हवेत

मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या आणि गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणवर्गात त्यांची ओळख वेस्ट बँक या इस्रायलच्या लष्करी ताब्यातील पॅलेस्टिनी प्रदेशात, नाबलस शहराजवळच्या सरकारी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेशी झाली. दोघींच्या बोलण्यातून आपल्या शाळा ‘जोड-शाळा’ कराव्यात, म्हणजे ब्रिटनमध्ये ज्याला ट्विनिंग म्हणतात तसे नाते जोडावे, अशी कल्पना पुढे आली. पत्रलेखिकेने आराखडाही केला आहे: पहिल्या सत्रात वह्या-पेन्सिली आणि थोडा निधी गोळा करून पाठवायचा, दर आठवड्याला दोन्ही वर्गांची व्हिडिओवर भेट घडवायची, आणि येत्या जुलैत तिकडच्या दहा मुलींना इंग्लंडला बोलवायचे. मुख्याध्यापिका नाही म्हणत नाहीत, पण समतोल राखायचा तर एक इस्रायली शाळाही जोडून घ्यावी, अशी त्यांची अट आहे. एका पालकाने तक्रारीचा सूर लावला आहे. घरी यजमानांचे म्हणणे असे की, आपण परक्या देशात राहतो, कायम वास्तव्याचा परवाना आत्ता कुठे मिळाला आहे, नको त्या वादात पडायचे कशाला? ‘मला राजकारण नको आहे, फक्त मुलांची मैत्री हवी आहे. मी हे करावे की सोडून द्यावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते: करा. मात्र आराखडा आहे तसा ठेवून नव्हे. मी स्वतः इंग्लंडमधील एका शाळेत एकोणीस वर्षे शिकवले आणि त्यांतली सहा वर्षे वेस्ट बँकमधल्याच कल्किल्या जिल्ह्यातील एका गावच्या शाळेशी आमच्या शाळेचे असे नाते सांभाळले. तुमच्या आराखड्यातल्या तिन्ही गोष्टी आम्ही पहिल्या वर्षी करून पाहिल्या आणि तिन्ही फसल्या. त्या का फसल्या हे कळायला आम्हांला आणखी एक वर्ष लागले. तो वेळ तुमचा वाचावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याकडे वळते. राजकारण नको, मैत्री हवी, ही इच्छा प्रामाणिक आहे यात मला शंका नाही. पण मुलांचे रोजचे जगणे एका कप्प्यात आणि राजकारण दुसऱ्या कप्प्यात ठेवता येते, असे तिच्यात गृहीत धरले आहे. इंग्लंडमधल्या मुलांच्या बाबतीत ते थोडेफार जमते. वेस्ट बँकमध्ये मात्र शाळेत जायचा रस्ता, शिक्षकांचा पगार, टपाल आणि वर्गखोलीची भिंत या सगळ्यांतच ते राजकारण मिसळलेले आहे. १९९०च्या दशकात इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात झालेल्या ऑस्लो करारांनी त्या प्रदेशाची अ, ब आणि क अशा तीन विभागांत वाटणी केली. त्यांतला सुमारे साठ टक्के भूभाग क विभागात येतो, तेथे संपूर्ण ताबा इस्रायली लष्कराचा आहे, आणि शाळेला एक खोली वाढवायची तरी इस्रायली परवानगी लागते. ती बहुधा मिळत नाही, आणि न मिळता बांधलेली खोली पाडण्याची नोटीस येते. जेरुसलेमच्या पूर्वेला खान अल-अहमर येथे बेदुइन या भटक्या अरब जमातीच्या मुलांसाठी २००९ साली जुन्या टायरांत माती भरून शाळा उभारली गेली, आणि तिच्यावरही पाडकामाची टांगती तलवार राहिली. अशा ठिकाणच्या मुलीला तुमच्या वर्गाने ‘काल शाळेत का आली नव्हतीस?’ एवढेच विचारले आणि तिने खरे उत्तर दिले, तर ते उत्तर राजकारणाचे म्हणून तुम्ही पुसून टाकणार का?

दुसऱ्या वर्षी आम्ही बाकी सगळे बाजूला ठेवून भूगोलाचा एकच प्रकल्प घेतला, ‘घर ते शाळा’. दोन्हीकडच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी आपापल्या वाटेचा नकाशा हाताने काढायचा, त्यावर खुणा करायच्या, आणि नकाशांची छायाचित्रे शिक्षकांमार्फत एकमेकांना पाठवायची. तिकडच्या एका मुलीच्या नकाशात पाव भाजायची भट्टी होती, आत्याचे घर होते, भुंकणारा कुत्रा होता, ऑलिव्हची चार झाडे होती, आणि शेवटच्या वळणाआधी एक करडा चौकोन होता, ज्याच्याजवळ काहीच लिहिलेले नव्हते. आमच्या मुलांनी साहजिकच विचारले, हे काय आहे? तिच्या शिक्षिकेने कळवले की तिला सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल, आपण थांबू या. तीन आठवड्यांनी त्या मुलीच्या दोन ओळी आल्या: हे फाटक आहे, सकाळी सैनिक उघडतात, उघडले नाही तर आम्ही थांबतो. इस्रायलने २००२पासून बांधलेल्या विभाजक भिंतीतले ते फाटक होते. आमच्या वर्गात त्या दिवशी कोणी काही बोलले नाही, आणि मीही त्यावर भाष्य करायचे टाळले.

पण मला तुम्हांला सांगायची आहे ती खरी गोष्ट याच्या पुढची. त्याच निरोपात तिकडच्या मुलींनी आमच्या एका मुलाच्या नकाशाबद्दल प्रश्न विचारला होता. बाग ओलांडली की तुझी शाळा समोरच आहे, मग तू एवढा वळसा घालून का जातोस? तो मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग त्याने लिहिले की बागेत मोठी मुले चाकू दाखवून फोन काढून घेतात, म्हणून. हे त्याने घरी सांगितले नव्हते. मी त्याची वर्गशिक्षिका, मलाही ठाऊक नव्हते. नाते जोडून वर्ष उलटल्यावर, त्या दिवशी, आमच्या शाळा खऱ्या अर्थाने जोड-शाळा झाल्या असे मी मानते, कारण तोवर प्रश्न एकाच बाजूने जात होते आणि उत्तरे एकाच बाजूने येत होती. आपली मुले पाहणारी, त्यांची मुले पाहिली जाणारी, असे आम्ही नकळत ठरवून टाकले होते.

म्हणून पालकांना पहिले पत्र लिहाल तेव्हा त्यात ‘या उपक्रमाचा राजकारणाशी संबंध नाही’ असे आश्वासन देऊ नका. ते तुम्हांला पाळता येणार नाही, आणि मोडले की तक्रार करणाऱ्या पालकाचेच म्हणणे खरे ठरेल. त्याऐवजी असे लिहा की आम्ही कोणत्याही पक्षाचा किंवा चळवळीचा प्रचार करणार नाही, मात्र मुले एकमेकांना आपल्या जगण्याबद्दल जे सांगतील ते आम्ही लपवणार नाही, आणि त्यावर वर्गात जपून बोलू. याच्या जोडीला तिकडच्या शिक्षिकेशी एक नियम पक्का करा: सैनिक, तुरुंग, मृत्यू यांविषयी इकडून कोणीही आपण होऊन विचारणार नाही. मुलीने स्वतः सांगितले तर ऐकायचे. तिने सांगितलेले कोणत्याही समाजमाध्यमावर टाकायचे नाही, मग ते कितीही हृदयस्पर्शी असो. आपल्याकडे ते चार दिवस फिरते आणि विसरले जाते, पण तिच्या घरच्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. आपले दुःख पाहुण्यांसमोर मांडून दाखवणे हा कोणत्याही मुलाचा गृहपाठ असू नये.

आता वह्या-पेन्सिलींविषयी. पाठवू नका, निदान पहिल्या वर्षी नको. एक कारण व्यवहाराचे आहे: वेस्ट बँकला जाणारे टपाल इस्रायलच्या हातून जाते, आणि २०१०पासून अडकून पडलेले सुमारे साडेदहा टन टपाल २०१८च्या ऑगस्टमध्ये एकदम सोडण्यात आले होते. आमची चाळीस कंपास-पेट्यांची खोकी पोहोचली तेव्हा ती ज्यांच्यासाठी होती ती मुले पुढच्या इयत्तेत गेली होती. पण खरे कारण वेगळे आहे. खोकी निघाल्याचे कळवले तेव्हा तिकडच्या मुख्याध्यापिकेने आभार मानून विचारले होते, तुमच्या मुलांना आमच्याकडून काय हवे आहे? आमच्यापैकी कोणाकडेही याचे उत्तर नव्हते. आम्ही त्याचा विचारच केला नव्हता.

तुम्ही तो आधी करा, कारण तिकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. पॅलेस्टिनी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, म्हणजे त्या मुली तुमच्या मुलांशी तुमच्या मुलांच्या भाषेत बोलणार आहेत. तुमच्या मुलांना अरबीचे एक अक्षरही येत नसेल. तेव्हा पहिला धडा त्यांनी शिकवावा: उजवीकडून डावीकडे आपले नाव कसे लिहायचे. इंग्लंडच्या वर्गात ‘पी’चा उच्चार अरबीत नसतो हे कळल्यावर आमचे दोन पीटर आपण ‘बीटर’ झालो म्हणून किती हरखले होते, ते अजून आठवते. नाबलस तर भूगोलाच्या शिक्षिकेसाठी सोन्याची खाण आहे. तेथे ऑलिव्हच्या तेलापासून साबण करतात, वड्या कापून झाल्यावर त्या एकावर एक रचून आतून पोकळ असे उंच मनोरे उभे करतात, आणि वारा लागून त्या वाळाव्यात म्हणून ते तसेच ठेवून देतात. ही परंपरा २०२४ साली युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंदवली, तर ततरीझ नावाचे तिकडचे भरतकाम २०२१ साली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची काढणी असते आणि घरेच्या घरे बागांत असतात. तुमच्या गावाजवळ त्याच दिवसांत कशाची काढणी चालते, हे तुमच्या मुलांना शोधून सांगावे लागेल, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसेल. पॅलेस्टाइनला शिक्षणविचाराची स्वतःची परंपरा आहे, हेही तुमच्या सहकाऱ्यांना सांगा. जेरुसलेमच्या खलील सकाकिनी यांनी १९०९ साली काढलेल्या शाळेत छडी नव्हती आणि गुणांची चढाओढही नव्हती. ब्रिटनमधल्या सरकारी शाळांत छडी १९८०च्या दशकापर्यंत होती.

आठवड्याला एक व्हिडिओ-भेट हाही बेत सोडा. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी शाळा भरते, त्यामुळे सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस दोघींच्या हाती राहतात. तिकडचे घड्याळ दोन तास पुढे आहे आणि शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते, म्हणजे तुमचे सकाळचे पहिले एक-दोन तासच उपयोगाचे. घड्याळे पुढे-मागे करण्याच्या तारखा दोन्हीकडे सारख्या नसतात, म्हणून निरोपात नेहमी दोन्ही वेळा लिहा. आमचा एक वर्ग रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसला होता तो यामुळेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुमच्या मैत्रिणीच्या पगाराचा विचार करा. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे तिथल्या पॅलेस्टिनी सरकारच्या, वतीने इस्रायल जे कर गोळा करतो त्यांतली रक्कम अडवून ठेवली जाते, आणि त्यामुळे २०२१च्या अखेरीपासून सरकारी शिक्षकांना पगार अपुराच मिळतो. २०२३च्या सुरुवातीला तिथल्या शिक्षकांनी दीर्घ संप केला, आणि पुढे शाळेचे आठवड्यातले दिवसच कमी करावे लागले. अर्ध्या पगारावर राबणाऱ्या शिक्षिकेकडून दर आठवड्याला जादा कामाची अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ती भिडेपोटी हो म्हणेल आणि दोन महिन्यांत थकेल. सत्रात एक थेट व्हिडिओ-भेट, बाकी सारे ध्वनिमुद्रित निरोप, छायाचित्रे आणि नकाशे, जे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा पाहता येईल. छापायला किंवा विकत घ्यायला लागेल असे काहीही मागू नका. मुलींच्या चेहऱ्यांची छायाचित्रे हवीतच असा आग्रह धरू नका. तिकडच्या काही पालकांना ते नको असते, आणि तुमच्या शाळेच्या सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, नियमांतही ते सहज बसणार नाही. दोघी शिक्षिका व्हॉट्सअ‍ॅपवर बोलाल हे ठीक आहे, पण मुलांचा कोणताही मजकूर शाळेच्या खात्यावरूनच जाऊ द्या.

मुख्याध्यापिकांच्या अटीविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण हाच प्रश्न मला याआधी इतर शिक्षकांनीही विचारला आहे. त्या चुकीच्या भीतीपोटी बोलत नाहीत. इंग्लंडमध्ये १९९६च्या शिक्षण कायद्याचे ४०६ आणि ४०७ हे विभाग अध्यापनातून एकतर्फी राजकीय मतांचा प्रसार करायला मनाई करतात आणि राजकीय विषय मुलांपुढे येईल तेथे विरोधी मतांची समतोल मांडणी करायला सांगतात. यावर २०२२च्या फेब्रुवारीत शिक्षण खात्याने सविस्तर मार्गदर्शनही काढले. पण समतोल म्हणजे तराजूच्या दोन पारड्यांत सारखे वजन नव्हे. २००७ साली हवामानबदलावरील एका चित्रपटासंबंधीच्या खटल्यात उच्च न्यायालयाने समतोल याचा अर्थ न्याय्य आणि निःपक्षपाती मांडणी असा लावला. कायद्याचे हे बंधन राजकीय विषयाच्या मांडणीवर आहे. एका देशातील शाळेशी मैत्री केली तर दुसऱ्या देशातील शाळेशीही केलीच पाहिजे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तुमच्या मुख्याध्यापिकांना हे विभाग समोर ठेवून दाखवा, वाद म्हणून नव्हे तर त्यांना शाळेच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या गव्हर्नर्स मंडळापुढे उत्तर द्यावे लागणार आहे म्हणून.

इस्रायली शाळेचे काय? इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब मुले एकत्र शिकतात अशा द्विभाषिक शाळा आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे, आणि एखाद्या ब्रिटिश शाळेने अशा शाळेशी स्वतंत्र नाते जोडले तर मला आनंदच होईल. पण तिघांची मोट बांधण्याची अट तुम्ही परस्पर मान्य करू नका. आधी नाबलसच्या मैत्रिणीला विचारा आणि ती नाही म्हणाली तर तिला आडमुठी समजू नका. ज्यांच्या परवानगीवाचून शेजारच्या गावीही जाता येत नाही त्यांच्याशी पडद्यावर हसून भेटणे म्हणजे सर्व काही सुरळीत असल्याचे नाटक, असे तिकडच्या अनेकांना वाटते, आणि अशा कार्यक्रमात भाग घेतल्याबद्दल शिक्षिकेला स्वतःच्या गावात जाब द्यावा लागू शकतो. समतोलाची गरज खरीच आहे, पण ती इतिहासाच्या वर्गात पुरी करा. पॅरलल हिस्टरीज नावाची एक ब्रिटिश संस्था हाच इतिहास दोन्ही बाजूंच्या कथनांतून, मूळ साधनांसह शिकवायला शाळांना मदत करते. तुमच्या इतिहासाच्या सहकाऱ्यांनी तो भाग उचलला तर जोड-शाळेच्या खांद्यावरचे न पेलणारे ओझे उतरेल.

तक्रार करणाऱ्या पालकांना ईमेलने उत्तर देऊ नका, भेटायला बोलवा, प्रकल्पाचे कागद दाखवा आणि त्यांना नेमके काय खुपते ते ऐका. ते पालक ज्यू असतील किंवा नसतील, पण तुमच्या शाळेत ज्यू मुले असतील तर त्यांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले. त्यांत एखाद्या मुलाचे नातलग असू शकतात. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो मुलांसह दहा हजारांच्या कित्येक पट माणसे मारली गेली, आणि त्यांचेही नातलग तुमच्या वर्गात असू शकतात. इस्रायल सरकारच्या कृत्यांचा जाब कोणत्याही ज्यू मुलाला विचारला जाणार नाही आणि हमासच्या कृत्यांचा जाब कोणत्याही मुस्लिम मुलाला विचारला जाणार नाही, हे तुम्ही वर्गात स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. भारतातल्या प्रत्येक घडामोडीचा खुलासा सहकाऱ्यांनी आपल्याकडे मागितला की कसे वाटते, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

तुमच्या यजमानांच्या काळजीची मी टर उडवणार नाही. परक्या देशात स्थिरावायला जी वर्षे जातात त्यांची किंमत मलाही माहीत आहे. पण शाळेने ठरवलेला, गव्हर्नर्सच्या इतिवृत्तात नोंदलेला, सेफगार्डिंग पाहणाऱ्या सहकाऱ्याने तपासलेला उपक्रम चालवणे हे शिक्षिकेचे नेहमीचे काम आहे. २०१५च्या कायद्याने शाळांवर आलेल्या प्रिव्हेंटच्या, म्हणजे मुलांना दहशतवादाकडे वळण्यापासून रोखण्याच्या, जबाबदारीचा बाऊ केला जातो, पण त्या मार्गदर्शनात वादग्रस्त विषयांवर वर्गात चर्चा करू नका असे म्हटलेले नाही, उलट चर्चेला सुरक्षित जागा द्या असेच म्हटले आहे. जे कराल ते शाळेच्या नावाने, लेखी आणि उघडपणे करा. तुमच्या वैयक्तिक समाजमाध्यमांवर या विषयाचे काहीही टाकू नका. आणि हा वाद आपला नाही असे जे यजमान म्हणतात, ते तुमच्या शाळेला लागू पडत नाही. पॅलेस्टाइनवर १९४८पर्यंत ब्रिटनचाच अंमल होता. आमच्या वर्गात एका इंग्रज मुलाने घरून पणजोबांचे छायाचित्र आणले, ते तेथे सैनिक होते. असे एखादे छायाचित्र तुमच्याही वर्गात निघेल. स्कॉटलंडमधील डंडी शहराने नाबलसशी १९८० सालीच नाते जोडले, ग्लासगोचे बेथलेहेमशी २००७पासून आहे, ऑक्सफर्डचे रामल्लाशी २०१९पासून. लंडनच्या कॅम्डन भागातील आणि जेरुसलेमलगतच्या अबू दीसमधील लोकांनीही अशी मैत्रीसंस्था चालवली आहे, आणि तिच्या कामात शाळाही आल्या. अशा मंडळींकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्यापैकी अनेक जण चळवळीतलेही असतात. तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांची पत्रके तुमच्या वर्गात येता कामा नयेत.

जुलैच्या भेटीबद्दल थोडक्यात. वेस्ट बँकच्या रहिवाशांना सहसा तेल अवीवच्या विमानतळावरून जाता येत नाही, त्यांना अ‍ॅलनबी पुलावरून जॉर्डनमध्ये जाऊन अम्मानहून विमान पकडावे लागते. त्याआधी ब्रिटिश व्हिसा, प्रत्येक मुलीच्या पालकांची संमती, इकडे ज्या घरांत त्या राहतील त्या घरांची तपासणी हे सारे आले. दहा मुलींना आशा लावून त्यांतल्या चौघींना व्हिसा नाकारला गेला तर त्या चौघींना तोंड कसे दाखवायचे, याचा विचार करा. आम्ही केला नव्हता. मुलांच्या भेटीचे नाव तिसऱ्या वर्षाआधी काढू नका. आधी एका शिक्षिकेने जावे किंवा यावे. तुम्ही जाणार असाल तर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा प्रवाससल्ला पाहा, कारण त्याविरुद्ध गेलात तर विमा चालत नाही. तुमचे पारपत्र अजून भारतीय असेल तर इस्रायलचा व्हिसा आधी काढावा लागेल.

इतर वाचकांपैकी काही जण अशाच विचारात असतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. समोरची शाळा कोणत्या व्यवस्थेतली आहे ते आधी समजून घ्या, कारण सरकारी, खाजगी आणि निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या, म्हणजे उन्रवाच्या, शाळांचे नियम वेगवेगळे आहेत. पूर्व जेरुसलेममधील उन्रवाच्या सहा शाळा तर २०२५च्या मे महिन्यात इस्रायलने बंदच पाडल्या. आणि गाझातील शाळेशी नाते जोडायची इच्छा असेल, तर ऑक्टोबर २०२३पासून तेथील सुमारे सव्वासहा लाख विद्यार्थ्यांचे नियमित शिक्षण तुटले होते, आणि तिथल्या पुष्कळ शाळांच्या इमारतीही उरल्या नाहीत, हे लक्षात घ्या. तेथे तंबूत शिकवणाऱ्या शिक्षकांशी शिक्षकांनीच बोलावे, अनुभवी संस्थेमार्फत बोलावे, आणि वर्गातल्या मुलांना नाव-गाव असलेली एकेक मैत्रीण जोडून देण्याची घाई करू नये. ती मैत्रीण एके दिवशी उत्तर द्यायची थांबली तर बारा वर्षांच्या मुलाला काय सांगायचे, हे आधी ठरवलेले असले पाहिजे.

तुमच्याकडे परत येते. या आठवड्यात तुम्ही एकच पत्र लिहा, तुमच्या मैत्रिणीला, आराखडा न जोडता. तिला विचारा की तिच्या शाळेला या नात्यातून काय हवे आहे, तिच्या मुलींना इंग्लंडबद्दल काय जाणून घ्यायचे आहे, आणि कोणत्या गोष्टी विचारल्या जाऊ नयेत असे तिला वाटते. सरकारी शाळेला बाहेरच्या शाळेशी संबंध जोडायला जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाची, ज्याला तिकडे मुदीरिया म्हणतात त्याची, परवानगी लागेल. ती केव्हा आणि कशी मागायची हे तिच्यावर सोपवा, तुम्ही घाई करू नका. पत्र शनिवारी रात्री पाठवा, म्हणजे रविवारी सकाळी शाळेत गेल्यावर तिला ते मिळेल. उत्तराला दोन-तीन आठवडे लागले तरी आठवण करून देऊ नका. तोवर तुमच्या वर्गाकडून घर ते शाळेचे नकाशे काढून घ्या, आणि पहिला नकाशा तुमचा स्वतःचा असू द्या.